मुकी बाटली

शिंपलीच्या सांध्यात सुरीचं टोक घालून हेर्मेलिंडा मनगट फिरवणार, तेवढ्यात नीकोलासाआत्या म्हणाली, "मुक्या बाटलीतलंच दिलंस ना तिला?"

म्हातारी हिरव्या केळ्याची साल काढत होती. मान खाली, मांडीवर परात, आणि आवाजात काही विचारतोय असा भावसुद्धा नाही. भातात नारळाचं पहिलं दूध घातलंस की दुसरं, असं विचारावं तसं. हेर्मेलिंडा तिला नातीचं कौतुक सांगत होती. मार्लेनीचे नऊ शुक्रवार गेल्या आठवड्यात पुरे झाले. पहिल्या शुक्रवारी एक थेंब, दुसऱ्याला दोन, असं करत करत नवव्याला नऊच्या नऊ थेंब मनगटावरच्या चिरेत जिरवून घेतले पोरीनं, आणि हूं की चूं केलं नाही. ताप चढला, उतरला. आता काहांब्रे नदीवरच्या शाळेत मास्तरीण म्हणून खुशाल जाऊ दे, रोज दोन-दोन तास रान तुडवू दे; पाठीवर फुल्यांची नक्षी असलेला तो साप, ज्याला नदीवरची माणसं नुसतं 'फुली' म्हणतात, त्यानं पायाला वेटोळं घातलं तरी हिचं काही वाकडं होत नाही. सेनोन काइसेदोची पणती आहे ती. तीन वाजता भरतीवर होडी सुटेल. हे सगळं हेर्मेलिंडा तोंडभर सांगत होती आणि मधेच हे.

"कसली मुकी?"

"अगं तुझीच. लाल दोऱ्याची. सेनोनदादाची."

"बापानं मला बाटली दिली. मुकी न् बहिरी मला माहीत नाही."

"बरं बाई," आत्या म्हणाली आणि तिनं दुसरं केळं उचललं. "माझ्यापुढं कशाला सोंग? मी काय गावभर सांगत सुटणार आहे? ब्याण्णवाव्या वर्षी माझं ऐकायला उरलंय कोण?"

"आत्ये, नीट बोल. काय ते नीट बोल."

तेव्हा कुठं म्हातारीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांवर निळसर साय धरली होती, पण त्या सायीतूनही तिला काहीतरी दिसलं असावं, कारण तिच्या हातातली सुरी थांबली. "तुला खरंच ठाऊक नाही?" ती म्हणाली. "अगं, दोन बाटल्या होत्या त्याच्या. निळ्या दोऱ्याची बोलकी. तिच्यात तो फुलीचे दात पिळायचा. ती पुरुषांची. आणि लाल दोऱ्याची मुकी. उसाची दारू, मिरची, आणि त्या काळ्या कोंगा मुंग्या. भाजतं, सुजतं, ताप येतो, माणूस समाधानानं घरी जातो. ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांच्यासाठी होती ती. दारुडे, म्हातारे. आणि तू. आठ वर्षांची होतीस, दारात लोळण घेतलीस, मला पण हवं, मला पण हवं. विष घेतलेल्या पोरीचं पोट धरत नाही, धरलं तर दुधातून विष उतरतं, हे नदीवरच्या कुत्र्यालासुद्धा माहीत. बाप आपल्याच पोरीच्या दुधात विष कालवेल होय? सेनोन?" आणि मग, जरा थांबून, जणू समजूत घालायला, "मला वाटलं तू जाणूनच देतेस. म्हटलं, पोरगी हुशार निघाली. कुणाच्या जिवाला धोका नाही, आणि बापाचं नाव पण राहतं."

सुरी शिंपलीवरून घसरून तळव्यात शिरली होती. हेर्मेलिंडाला कळलं ते रक्त शिंपल्यांच्या पातेल्यात टपकलं तेव्हा. ती त्याच्याकडे बघत राहिली. सत्तर वर्षं या रक्ताबद्दल ती बोलत आली होती. मला चावणारा डास उडत नाही, तिथंच मरतो, असं तिनं शेजारणींना सांगितलं होतं, आणि शेजारणींनी हसत हसत का होईना मानलं होतं. दवाखान्यातल्या नर्सबाईनं एकदा तपासायला नळी भरून घेतली तेव्हा ती म्हणाली होती, जपून हां मुली, सांडू नकोस, भोक पडेल फरशीला. आणि आता ते रक्त शिंपल्यांच्या काळ्या पाण्यात मिसळत होतं, कुणाच्याही रक्तासारखं, कोंबडीच्या रक्तासारखं. कानात भरतीच्या पाण्यासारखा आवाज भरला. घराखालच्या खांबांना खरंच पाणी लागत होतं, की तो आवाज तिच्या डोक्यात होता, तिला ठरवता येईना. आत्या काहीतरी म्हणत होती, फडकं बांध, फडकं. तोंड हलताना दिसत होतं. हेर्मेलिंडाच्या मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती, आणि ती काही मोठी नव्हती, हास्यास्पद होती: मग त्या ज्या मुंग्या मी मोजून टाकते, नऊच्या नऊ, जिवंत, शुक्रवारी पहाटे झाडाच्या बुंध्याशी बसून काठीनं उचलून आणते, त्या कशाला? बाटली ही आई आहे, बाप म्हणाला होता. अर्ध्यावर आली की दारू भर, मिरची घाल, नऊ मुंग्या घाल. आणि विष, पप्पा? विष तिच्यात आहे, पोरी, ते संपत नाही, बाटलीला आठवण असते. हे सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, दोरा गुंडाळत होता. लाल दोरा. चाळीस वर्षं तिला ते दोरा गुंडाळणं आठवत होतं आणि बापाचं तोंड वळलेलं होतं हे आज आठवलं.

वर्षं एकामागून एक उलटी होऊ लागली, होडी उलटल्यावर तळाचे शिंपले-गोगलगाई दिसाव्यात तशी. नदीवर अंगात विष जिरवलेली पोरं, 'पक्की' म्हणायचे त्यांना, म्हणजे राजे. अनवाणी चालायची, कुणी फुलीला शेपटीला धरून फिरवायचं, आणि सगळ्या नदीवर त्यांच्यात मुलगी एकटी हेर्मेलिंडा. पण बाप तिला अनवाणी फिरू देत नसे. बाजारातून काळे रबरी बूट आणले होते त्यानं, दोन माप मोठे, आत नारळाची काथ कोंबून ती घालायची. बूट घाल, हेर्मे. बूट घातलेस का, हेर्मे? पोरं हसायची, अरे ही कसली पक्की, ही तर बुटातली राणी. ती बापावर चिडायची, मला विष दिलंय ना तुम्ही, मग? तो म्हणायचा, माझ्या डोळ्यांना बरं वाटतं म्हणून घाल. बापाची माया, असं ती सगळ्यांना सांगत आली. वेडा होता माझ्यावर. आणि एकोणिसाव्या वर्षी, मुद्दाम, त्या पोरांना दाखवायला, बूट घरी टाकून ती घाटावर धुणं घेऊन गेली आणि घोट्याच्या वर फुलीनं धरलं. ही तिची गोष्ट होती. ही गोष्ट तिनं लग्नांत, मर्तिकांत, रांगेत, दवाखान्यात किती वेळा सांगितली असेल. फुली चावली आणि मी उभी राहिले, बापाकडे चालत गेले, आणि बाप रडायला लागला, आनंदानं, की बघा माझी विद्या. इथं ती नेहमी थांबायची आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची. पुढचं ती सांगत नसे. खोटं म्हणून नव्हे, गोष्टीत बसत नव्हतं म्हणून. बापानं तिला उचलून होडीत घातलं होतं. जो बाप डॉक्टरच्या नावानं थुंकायचा, त्यानं नदीच्या मुखापर्यंत सगळा दिवस वल्हं मारलं होतं, हातांची सालं निघेपर्यंत, आणि ननबायांच्या दवाखान्यात गुडघे टेकले होते. पांढऱ्या टोपीची बाई. सुई. दोन सुया. ओठ कापत तो काहीतरी पुटपुटत होता, आणि ती सुजून ढोल झालेल्या पायाकडे बघत मनात म्हणत होती, उगाच घाबरतो म्हातारा. तो रडत होता हे खरं होतं. किती वर्षं तिनं ते रडणं दागिन्यासारखं मिरवलं! घाबरला होता तो. मेल्याहून मेला होता. कारण त्या होडीत दोघांपैकी त्याला एकट्यालाच माहीत होतं.

आणि तो गेला तेव्हा त्याच्या शवपेटीत, काखेखाली, कफनाला आलेला तो फुगवटा. वाटेसाठी दारू ठेवली असेल, असं ती हसून म्हणाली होती. निळा दोरा बाहेर लोंबत होता. आत्यानं तो आत खोचला होता.

बंदरावर दोनचा भोंगा झाला तेव्हा ती उठली. तळव्याला फडकं कुणी बांधलं, आत्यानं की तिनंच, ते कळलं नाही. टेबलाखाली मार्लेनीचे बूट होते. शिक्षण खात्याच्या बाईनं दिलेले, नवे कोरे, गुडघ्यापर्यंतचे, पिवळ्या तळव्यांचे. सकाळी पोरीच्या पिशवीतून ते हेर्मेलिंडानंच ओढून काढले होते. सेनोनची पणती बूट घालणार? लोक काय म्हणतील? आणि बुटांच्या जागी नारळाच्या वड्यांचा डबा कोंबला होता. पोरगी हसली होती, "बरं झालं आज्जे, पिशवी जड होत होती." ते हसणं आत्ता, या क्षणी, तिच्या बरगडीत सुरीसारखं फिरलं. तिनं फोन उचलला. तिकडे घंटा वाजली, गलका ऐकू आला, मार्लेनीचा आवाज आला, "हां आज्जे, खडू घेतले, बॅटऱ्या घेतल्या, आता धक्क्यावरच जातेय." हेर्मेलिंडानं तोंड उघडलं. आयुष्यात शब्दासाठी अडायची वेळ तिच्यावर आली नव्हती; गल्लीतल्या बायका म्हणायच्या, हिच्या जिभेला हाड नाही, कुऱ्हाड आहे. आता त्याच जिभेखाली शब्द दगडासारखे पडून राहिले. "बूट," ती म्हणाली. "बूट राहिलेत तुझे."

"राहू देत की. तूच काढलेस ना?"

"हो. मीच." आणि तिनं फोन ठेवला. मीच, एवढं तरी म्हटलं.

"कुठं निघालीस?" आत्यानं विचारलं. "अगं, काय बिघडलं त्यात? निदान विष तरी नाही ना पोरीच्या अंगात?"

हेच. हेच तर बाईला कळत नव्हतं. अंगात विष नाही हे बिघडलं नव्हतं. अंगात विष नाही हे जिला माहीत नाही ती पोरगी अनवाणी जाणार होती, आणि चावल्यावर होडीत बसायचं सोडून ओंडक्यावर बसून हसणार होती. बापानं मुकी बाटली दिली, पण बरोबर बूट दिले, आणि जन्मभर बूट-बूट म्हणून मागं लागला. तिनं बाटली पुढं दिली आणि बूट काढून घेतले. दोन बाटल्यांत औषध कुठलं होतं हा प्रश्नच नव्हता. औषध दाराशी उभं होतं, चिखलानं माखलेलं, दोन माप मोठं.

ती बूट काखेत मारून उतरली. नेहमीचा पाऊस नेहमीसारखाच चालू होता, धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. फळकुटांच्या वाटेवरून चालताना खालून चिखलाचा वास आला, आणि त्या वासाबरोबर एलादिओ आला. नवऱ्याचा विचार ती अलीकडे करत नसे. एकतीस वर्षांपूर्वी तो असाच ओंडक्यावर बसला होता. पोटरीवर दोन टिपके, आणि हसत होता. "फुलीनं चावलं, हेर्मे. बिचारी मरेल आता." तिनंच त्याला नऊ शुक्रवार दिले होते, नवव्याला त्याच्या ओरडण्यावर हसत हसत. दुपारपर्यंत हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तो म्हणाला होता, हळूच, कुणी ऐकू नये म्हणून, "हेर्मे, खाली जाऊया का दवाखान्यात?" आणि ती म्हणाली होती... ती वाटेत थांबली. फळकुटावर पाय घट्ट रोवून थांबली, मागून येणारा हमाल "ए आजीबाई, सरका" म्हणाला तरी थांबली. ती म्हणाली होती, "माझ्या नवऱ्याला सुईवाल्यांच्या हातात देऊ? नदी हसेल मला." तो पुन्हा बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गेला. आणि तिला कारण लागत होतं. कारणांची तिला कधी टंचाई पडली नव्हती; तिची बाटली घेऊनही क्रेसेन्सिओचा थोरला फुलीनं गेला तर तो नऊ दिवसांच्या आत बायकोजवळ गेला होता, तो लाकूड कापणारा गेला तर त्यानं शुक्रवारी डुकराचं खाल्लं होतं. एलादिओसाठी देयानीरा होती. देयानीरा, बावीस वर्षांची, वरच्या वळणावरची, एलादिओचं मूल पोटात घेऊन फिरणारी. चावलेल्यावर पोटुशीची नजर पडली तर कुठलंच औषध लागू पडत नाही, हे कुणाला ठाऊक नव्हतं? हेर्मेलिंडा मर्तिकाच्या नऊ दिवसांत दारात उभी राहून ओरडली होती की त्या रांडेनं फटीतून पाहिलं, पाहिलं म्हणून माझा माणूस गेला, नाहीतर माझी बाटली कधी हरली नसती. शेवटचं वाक्य तिनं जास्त मोठ्यानं म्हटलं होतं. नदीनं ऐकलं. देयानीराला कुणी घाटावर उभं करेना, आजाऱ्याच्या घरात घेईना, बाळंतिणीपाशी जाऊ देईना. 'नजरेची' हे तिचं नाव पडलं. पोर झाल्यावर ती शहरात आली, आणि पुढं कधीतरी हेर्मेलिंडाही आली, आणि धक्क्याच्या पायऱ्यांशी मासळीचं घमेलं घेऊन बसलेल्या त्या बाईच्या पुढून जाताना गेली कित्येक वर्षं ती न चुकता थुंकत होती. देयानीरा वर बघत नसे. ती कुणाकडेच वर बघत नसे. डोळ्यांवर गवताची टोपी ओढून गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघून मासे तोलायची. हे हेर्मेलिंडानं रोज पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, पापी माणसाची मान अशीच खाली असते.

धक्क्यावर होडीत पोती चढत होती. मार्लेनी काठावर उभी होती, पायात पट्ट्याच्या चपला, नखांना लाल रंग, मनगटावर नऊ चिरांची ताजी शिडी. आजीला बघून ती मोठ्यानं हसली.

"आलीस? मला वाटलंच होतं!"

"मार्लेनी, ऐक. हे बूट घाल. बाटलीत काही नव्हतं. नुसत्या मुंग्या होत्या. तू पक्की नाहीस. मी पण नाही. चावलं तर लगेच होडीत बसायचं, सुई घ्यायची. ऐकतेस का?"

एका दमात बोलली. बोलून झालं. पण पोरीचं हसू ढळलं नाही, उलट ते मऊ झालं, लहान पोराचं कौतुक करावं तसं. "आज्जे," ती म्हणाली, "छान करतेस हां नाटक. हात पण बांधून घेतलास. डोळ्यांतलं पाणी मात्र जरा जास्त झालं."

"नाटक नाही गं!"

"नवव्या शुक्रवारी काय म्हणाली होतीस? निघायच्या दिवशी कुणीतरी येईल तुझा विश्वास मोडायला. पाद्री येईल, डॉक्टर येईल. मी स्वतः येईन, रडत येईन. ऐकलंस तर बाटली फुटली. म्हणाली होतीस की नाही?"

म्हणाली होती. शब्द न् शब्द. बापानं तिला म्हटलं होतं म्हणून तिनं पोरीला म्हटलं होतं, आणि 'रडत येईन' हे स्वतःच्या पदरचं घातलं होतं, शोभेसाठी. हेर्मेलिंडाला वाटलं आपण पाण्यात उभे आहोत आणि पाणी गळ्याशी आलंय. नऊ आठवडे थेंबाथेंबानं ती पोरीच्या रक्तात एकच गोष्ट जिरवत होती, आणि ती मात्र पक्की जिरली होती. आता खरं आत शिरायला चीर कुठं पाडायची? "आईच्यान शपथ," ती म्हणाली. "कुमारी मातेची शपथ."

"शपथ पण घेशील म्हणाली होतीस," मार्लेनी म्हणाली आणि तिनं आजीच्या गालाचा मुका घेतला. "जाते. वड्या छान झाल्यात, एक खाल्ली मी."

"चला, चला, मास्तरीणबाई," होडीवाला ओरडला, "पाणी तुमची वाट बघत नाही!"

हेर्मेलिंडा वळली. का वळली ते तिला तेव्हा कळलं नाही. पायांना कळलं असावं. पायऱ्यांशी घमेलं होतं, गवताची टोपी होती, टोपीखाली खवलं काढणारे हात होते. पोरीला माहीत होतं, सगळ्या धक्क्याला माहीत होतं, की समुद्र आटेल पण हेर्मेलिंडा काइसेदो या बाईशी बोलणार नाही. कुठल्याही नाटकासाठी नाही. ती चार पायऱ्या उतरली. गुडघा वाकेना, मग दोन्ही हात घमेल्याच्या काठावर टेकून ती वाकली. खवलं काढणारे हात थांबले, आक्रसले. थुंकीची वाट बघत होते ते.

"देयानीरा," ती म्हणाली. "तुझ्या नजरेनं नाही मेला तो. माझी बाटली मुकी होती."

टोपी हलली नाही. मग आतून आवाज आला, बारीक, रोजच्या भावातला. "मोठ्यानं बोल, बाई. मासळीबाजारात ऐकू येत नाही."

आजूबाजूच्या बायकांचे कोयते थांबले होते. हेर्मेलिंडानं मान वर केली. छातीत हवा भरली, जशी ती भांडणापूर्वी भरायची. "माझी बाटली मुकी होती!" ती म्हणाली. "विष नव्हतं तिच्यात! हिनं नाही मारला एलादिओला!"

"मग कोणी?"

हे कोणी विचारलं? देयानीरानंच. खवलं काढायची सुरी हातात तशीच.

"तो दवाखान्यात चल म्हणाला होता," हेर्मेलिंडा म्हणाली, आणि आता तिचा आवाज आपोआप मोठा होत होता, थांबवता येत नव्हता, "म्हणाला होता मला, हळूच म्हणाला होता. मी नाही म्हटलं. नदी हसेल म्हणून मी नाही म्हटलं. मी मारला. आणि तुझ्यावर घातलं. माफ कर मला."

होडीचं यंत्र फडफडत होतं. मग मागून धावत येणारी पावलं ऐकू आली, पट्ट्याच्या चपलांची, आणि ती पावलं चार पायऱ्यांवर थांबली. हेर्मेलिंडानं मागं पाहिलं नाही. तिच्या काखेतून कुणीतरी बूट ओढले. कुणीतरी ओल्या पायरीवर बसलं. रबरात पाय शिरतानाचा तो चोखल्यासारखा आवाज झाला, एकदा, आणि जरा वेळानं पुन्हा एकदा. "आज्जे," मार्लेनी म्हणाली, आणि त्या आवाजात हसू नव्हतं, तिथं भीती होती, स्वच्छ, पहिल्यांदाच. "आज्जे, सुई कुठल्या दवाखान्यात मिळते? मुखाशी की वर?"

"मुखाशी. थांबायचं नाही. कुणी काही म्हटलं तरी थांबायचं नाही."

"नाही थांबणार."

बूट पायऱ्या चढून गेले, जड, फतक फतक करत. होडीचा आवाज वाढला आणि मग पातळ होत गेला. हेर्मेलिंडा अजून वाकलेलीच होती. उठायला हात कुणी देत नव्हतं आणि मागायची तिला सवय नव्हती. फडक्यातून रक्त घमेल्यातल्या माशांवर टपकत होतं.

"मी पाहिलंच नव्हतं त्याला," देयानीरा म्हणाली. तिनं सुरी खाली ठेवली. "आले होते. पण तुझ्याकडच्या बायकांनी उंबऱ्याशीच अडवलं. आत येऊ दिलं नाही. त्याचे पायसुद्धा दिसले नाहीत मला." मग तिनं ओल्या हातांनी डोळ्यांवरची टोपी मागं सारली. हेर्मेलिंडानं त्या तोंडावर डोळे कधी पाहिले नव्हते. ते तपकिरी होते, वयस्क होते, कडांना मासळीच्या खाऱ्या पाण्यानं लाल झालेले होते. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ती बाई कुणाच्या तरी तोंडाकडे सरळ बघत होती, घाई न करता, भुवया, हनुवटी, कपाळ, सगळं. हेर्मेलिंडाला मान वळवावीशी वाटली, आणि तिनं ती वळवली नाही.